जुना फोल्डिंग कॅमेरा : काय दुरुस्त होतं आणि कुठले भाग काढून ठेवायचे

फोल्डिंग कॅमेरा म्हणजे घडी करून खिशात टाकता येणारा फिल्मचा कॅमेरा. बटण दाबलं की पुढचं झाकण उघडतं, धातूच्या पट्ट्यांच्या आधाराने लेन्स आणि शटर पुढे येतं आणि त्यांच्या मागे पेटीच्या भात्यासारखा काळा भाता उलगडतो. इंग्रजीत त्याला बेलोज म्हणतात, पण आपला 'भाता' हा शब्द इथे चपखल बसतो, म्हणून पुढे तोच वापरू.

घडीची गरज साधी होती. फिल्म मोठी म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यातलं अंतर मोठं. आजच्या फोनमधल्या पेरिस्कोप झूमचीही अडचण तीच. तिथे फोनच्या जाडीत अंतर मावत नाही म्हणून प्रिझम लावून प्रकाश आडवा वळवतात. १९५० च्या आसपास जर्मन कारखान्यांनी अख्खा कॅमेराच दुमडला. बदल्यात मिळत होती ती भलीमोठी निगेटिव्ह. ६×६ म्हणतात ती चौकट प्रत्यक्षात साधारण ५६×५६ मिमी असते, म्हणजे फोनमध्ये येणाऱ्या 'एक इंची' सेन्सरच्या सत्तावीसपट क्षेत्रफळ. आणि यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना लागणारी १२० फिल्म, जी कोडॅकने १९०१ मध्ये आणली, ती आजही नवीन बनते आणि विकत मिळते. म्हणून या कॅमेऱ्यांच्या दुरुस्तीला अर्थ आहे. फिल्मच मिळत नसती तर ते शोकेसमध्येच बरे होते.

अडचण एकच. सुटे भाग बनणं केव्हाच थांबलंय. आता भाग मिळतो तो दुसऱ्या कॅमेऱ्यातूनच. म्हणजे एक जगवायचा तर दुसरा उघडायचा, आणि उघडलेला बहुतेक वेळा परत उभा राहत नाही. जगातल्या एकूण कॅमेऱ्यांतून तो एक कमी होतो. त्यामुळे कुठला कॅमेरा दुरुस्तीचा आणि कुठला भागांचा, हा निर्णय स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी झालेला हवा.

दोन प्रकारचे बिघाड

हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम होतं. पहिला प्रकार अपघाती बिघाड. कॅमेरा पडला, झाकणाची पट्टी वाकली, कोणीतरी लेन्स शर्टाने पुसून ओरखडे पाडले, एक स्प्रिंग तुटली, एक स्क्रू हरवला. हे एका कॅमेऱ्यात होतं, शेजारच्यात होत नाही. त्यामुळे शेजारच्यातून भाग घेता येतो.

दुसरा प्रकार वयाचा बिघाड. वंगण सुकलं, भात्याचे कोपरे झिजले, रेंजफाइंडरच्या आरशाचा मुलामा उडाला. हे त्या मॉडेलच्या जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यात होतं, कारण सगळ्यांत एकच माल वापरलेला आणि सगळ्यांचं वय सारखं. तुमच्या कॅमेऱ्याचा भाता गळतोय म्हणून त्याच मॉडेलचा दुसरा घेतलात, तर त्याचाही भाता बहुधा गळकाच निघेल. सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या लायब्ररीतच बग असेल तर बॅकअप सर्व्हर लावून काही होत नाही, कारण बॅकअपवरही तीच लायब्ररी चालू असते. इथेही तसंच. वयाच्या बिघाडाला दुसऱ्या कॅमेऱ्याचा भाग हा उपाय नाही. तिथे साफ करायचं, नवं वंगण घालायचं किंवा तो भाग नव्याने बनवायचा.

लोक नेमकं उलटं करतात. फोकसची रिंग फिरत नाही म्हणून कॅमेरा 'मेला' ठरवून भंगारात काढतात, आणि दिसायला चकचकीत पण भाता फाटलेला कॅमेरा 'चालू' म्हणून विकत घेतात.

उदाहरणाला आग्फा इसोलेट

मॉडेल खूप आहेत. झाइस आयकॉनचे इकोंटा आणि नेटार, फोक्टलेंडरचे बेसा आणि पेर्केओ, कोडॅकचे कितीतरी. यातला म्युनिकमध्ये बनलेला आग्फा इसोलेट आपण उदाहरण म्हणून घेऊ. एक तर १९५० च्या दशकात तो भरपूर बनला, अमेरिकेत आन्स्को स्पीडेक्स या नावानेही विकला गेला, आणि वर सांगितलेले दोन्ही प्रकारचे बिघाड त्यात अगदी ठळक दिसतात. १२० च्या एका रोलवर ६×६ चे १२ फोटो. लेन्स तीन प्रकारच्या: आग्नार आणि अपोटार (८५ मिमी, एफ/४.५) आणि वरच्या दर्जाची सोलिनार (७५ मिमी, एफ/३.५).

आपल्याकडच्या माळ्यांवर सापडतो तो बरेचदा आग्फा क्लिक ३. तो वडोदऱ्यात बनायचा, पण तो डबा कॅमेरा आहे. त्याला भाता नाही, त्यामुळे हा लेख त्याला लागू नाही. फोल्डिंग कॅमेरे मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात आणि ऑनलाइन दिसतात. ते विकणाऱ्याला त्यातलं काही माहीत असेलच असं धरून चालू नका.

उघडण्याआधी

घरातला जुना कॅमेरा असेल तर सगळ्यात आधी मागची लाल खिडकी बघा. तिच्यातून कागद किंवा आकडा दिसला तर आत रोल आहे. मागचं झाकण उघडू नका. वाइंडिंगची कळ शेवटपर्यंत फिरवा, खिडकीतून कागद दिसेनासा झाला की अंधाऱ्या खोलीत रोल काढा, सुटणार नाही असा चिकटवा आणि काळ्या पिशवीत ठेवा. काळ्या-पांढऱ्या फिल्मवरचं चित्र फार चिवट असतं. १८९७ मध्ये उत्तर ध्रुवाकडे बलूनने निघालेल्या आंद्रे मोहिमेची फिल्म १९३० मध्ये सापडली, तेव्हा तिच्यातून ९३ फोटो निघाले. अर्थात ती बर्फात होती आणि आपला रोल पत्र्याखालच्या माळ्यावर होता. तरी धुवून बघण्याआधी फेकायचं काही कारण नाही. त्यावर कोण असेल सांगता येत नाही.

रोल नसेल तर तपासणी सुरू करा. कॅमेरा उघडताना झाकणावर हात ठेवून हळू उघडा, स्प्रिंगच्या जोराने फाडकन उघडू देऊ नका. (पुढे वापरतानाही हीच सवय ठेवा. भाता झटक्यात फुगला की आत हवा कमी पडते आणि फिल्म पुढे ओढली जाते, मग फोटो मधोमध भुरकट येतो.)

रात्री खोली पूर्ण अंधारी करा. मागचं झाकण उघडून फोनचा टॉर्च आतून भात्याला लावा आणि बाहेरून बघा. दोन मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. भात्याच्या घड्यांचे कोपरे, विशेषतः इसोलेटमध्ये, चांदण्यांसारखे चमकताना दिसतील. झाइस आयकॉनच्या भात्यांचा अनुभव पुष्कळ बरा असतो, आग्फाने वापरलेला माल हलका होता.

मग शटर. शटरच्या कडेला एक छोटी कळ असते, ती ओढून शटर 'कॉक' करायचं आणि खालची खिट्टी दाबायची. वरच्या डेकवरचं बटण दबत नसेल तर लगेच घाबरू नका. काही मॉडेलमध्ये एकाच चौकटीवर दोन फोटो पडू नयेत म्हणून रोल पुढे सरकल्याशिवाय बटण अडवून ठेवलेलं असतं. शटरवरची खिट्टी थेट दाबून बघा. दोन गोष्टी मात्र करू नका. प्रोंटर शटरवर 'व्ही' असं अक्षर असतं, ते सेल्फ टायमरचं. इतक्या वर्षांत त्याची दातेरी चाकं जाम झालेली असतात आणि ती अडकली की सगळं शटर मध्येच अडकून बसतं. आणि कॉम्पर-रॅपिड शटरमध्ये सर्वांत वेगवान गती कॉक करण्याआधी लावायची, नंतर नाही. नंतर जोर लावून फिरवलं तर आतली जादाची स्प्रिंग दुखावते.

शेवटी लेन्समधून टॉर्च आरपार मारून बघा. धूळ दिसली तर सोडून द्या, ती फोटोत येत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. मुंबई-कोकणातल्या हवेत ही जवळपास ठरलेली.

फोकसची रिंग जाम

इसोलेटचा हा सर्वांत प्रसिद्ध आजार. कारखान्यात लावलेलं हिरवट वंगण काळाच्या ओघात लाखेसारखं घट्ट होतं. रिंग दगडासारखी बसते. कॅमेरा मात्र जिवंत असतो.

काय जाम झालंय ते आधी समजून घ्या. या लेन्समध्ये तीन टप्पे असतात: पुढची काच, मधली काच आणि शटरच्या मागे बसलेली मागची काच. फोकस करताना फक्त पुढची काच आट्यांवर फिरत पुढे-मागे होते. तिचे आटे मधल्या काचेच्या चौकटीत बसलेले असतात. म्हणून वंगण सुकलं की पुढची आणि मधली काच एकमेकींना चिकटते. तुम्ही जोर लावून रिंग फिरवलीत तर ती फिरेलही, पण फिरतेय ती दोघींची जोडी. फोकस होत नाही, उलट मधली काच आपली जागा सोडते. बाजारात 'फोकस एकदम स्मूथ' म्हणून दाखवलेल्या इसोलेटमध्ये कधीकधी हेच झालेलं असतं.

पद्धत अशी. रिंगच्या कडेला तीन बारीक स्क्रू असतात. घड्याळजी वापरतात तसला, टोक स्क्रूच्या खाचेत बरोबर बसेल असा स्क्रूड्रायव्हर घ्या. सैल टोक खाच खाऊन टाकतं, आणि असा स्क्रू आता दुकानात मिळत नाही. स्क्रू पूर्ण न काढता सैल करा, रिंग वर उचला. मग पुढची काच आणि तिला चिकटलेली मधली, दोघी मिळून शटरमधून फिरवून बाहेर काढा. आता प्रश्न फक्त या जोडीचा, शटरला धक्का नाही.

आधी हेअर ड्रायरने जोडी चांगली गरम करा आणि रबरी हातमोजे घालून दोन्ही चौकटी उलट दिशांना फिरवा. बऱ्याचदा एवढ्यात सुटते. नाही सुटली तर पूर्ण गार होऊ द्या आणि झाकणाच्या काचेच्या बाटलीत, लायटर फ्लुइडमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. या दोन्ही काचा एकेकट्या आहेत, डिंकाने जोडलेल्या नाहीत, म्हणून बुडवलेलं चालतं. हे द्रव पेट्रोलसारखंच पेट घेतं. खिडकी उघडी हवी, जवळ गॅस, उदबत्ती, काही नको. आणि द्रवाने ओली असलेली वस्तू ड्रायरने गरम करायची नाही. एकतर उष्णता किंवा द्रव, दोन्ही एका वेळी नाही. पकडीने धरायची वेळ आलीच तर मध्ये चामड्याचा तुकडा घाला, नाहीतर पितळी चौकट दबून अंडाकृती होते आणि मग ती खरोखरच मेली.

जोडी सुटायला लागली की एक काम विसरू नका. पुढच्या काचेचे आटे जिथे शेवटचे सुटतात तिथे दोन्ही चौकटींवर एकासमोर एक खूण करा. हे आटे एकाहून जास्त ठिकाणांहून सुरू होऊ शकतात. चुकीच्या जागेवरून बसवलं तर फोकस कधीच जुळत नाही आणि कारणही सापडत नाही. फोनचा व्हिडिओ चालू ठेवणं सोपं. आम्ही कोड बदलण्याआधी कमिट करतो, त्यातलाच प्रकार. प्रत्येक स्क्रू निघाला की एक फोटो काढायचा.

जुनं वंगण आयपीएने, म्हणजे मोबाइल रिपेअरवाले बोर्ड साफ करायला वापरतात त्याच अल्कोहोलने, पूर्ण पुसा. नवं वंगण टूथपिकच्या टोकावर मावेल एवढंच. व्हॅसलिन नको, ते उन्हाळ्यात वितळून काचेवर आणि शटरच्या पात्यांवर पसरतं.

अनंतावर फोकस

पुढची काच काढून बसवली की फोकसची आकडेवारी चुकलेलीच समजा. आता ती जुळवायची. काचवाल्याकडून फिल्मच्या चौकटीत बसेल असा साधा काचेचा तुकडा कापून घ्या, त्याच्या एका बाजूला दुधी रंगाची चिकटपट्टी लावा आणि ती बाजू लेन्सकडे करून, फिल्म ज्या पट्ट्यांवर टेकते त्यांवर ठेवा. या पट्ट्यांच्या बाहेर थोड्या उंच आणखी दोन पट्ट्या असतात, त्यांवर नाही. तिथला काही दशांश मिलिमीटरचा फरकही फोटोत दिसतो.

अॅपर्चर पूर्ण उघडा, शटर 'बी' वर लावून उघडं धरून ठेवा (केबल रिलीज असेल तर हात मोकळा राहतो) आणि किमान अर्ध्या किलोमीटरवरची वस्तू धरा. रात्री मोबाइल टॉवरचा लाल दिवा उत्तम. चिकटपट्टीवर उलटं चित्र दिसेल. ते फोन झूम करून बघा आणि पुढची काच फिरवत दिवा सर्वांत लहान ठिपका होईल तिथे थांबा. मग काच न हलवता रिंग बसवा, अनंताची खूण निशाणीसमोर आणा आणि तीन स्क्रू आवळा. झालं. बाकीची अंतरं आपोआप जुळतात.

चित्राची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी धूसर दिसली तर दोष फोकसचा नाही. लेन्स धरणाऱ्या पट्ट्या वाकल्यात. हा अपघाती बिघाड, आणि इथे दुसऱ्या कॅमेऱ्याच्या पट्ट्या खरोखर उपयोगी पडतात.

शटर, आणि ते फोनने मोजणं

या शटरमध्ये लेन्सच्या मध्ये पातळ पाती असतात. ती उघडतात आणि मिटतात. एक सेकंद, अर्धा सेकंद अशा मंद गतींसाठी आत घड्याळासारखी दातेरी चाकांची माळ असते. चालताना ती घड्याळासारखीच कुरकुरते. सुकलेलं वंगण आधी इथे त्रास देतं, म्हणून बऱ्याच कॅमेऱ्यांत वेगवान गती ठीक आणि मंद गती अडकलेल्या असतात.

पुढच्या काचा काढल्यावर शटरचं पुढचं झाकण निघतं. आतलं काही सुटं करू नका. चाकांच्या माळेवर लायटर फ्लुइडचा एक थेंब सुईने सोडा, शटर वीस-तीस वेळा चालवा, पूर्ण वाळू द्या, गरज पडली तर पुन्हा. पात्यांना तेल कधीही नाही. ती एकमेकांना लागूनच सरकतात, तेलाचा अगदी पातळ थर बसला तरी चिकटतात. शटरमध्ये डब्ल्यूडी-४० मारायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

आता मोजणी. फोनच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये एक फ्रेम म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद. मागून दिव्याकडे तोंड करून शटर चालवा आणि ते किती फ्रेममध्ये उघडं दिसतं ते मोजा. अर्ध्या सेकंदाला १२० फ्रेम यायला हव्यात, १/२५ ला साधारण दहा. १/१०० ला दोन-अडीच फ्रेमच येतात, म्हणजे तिथे या आकड्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. त्याहून वेगवान गतीसाठी फोटोट्रान्झिस्टर माइकच्या जॅकला जोडून आवाज म्हणून रेकॉर्ड करतात. सेकंदाला ४४,१०० नमुने असल्यामुळे १/२०० सेकंदाचे सुद्धा २२० नमुने मिळतात. काही फोन मधल्या फ्रेम स्वतःच रचून '२४०' असं दाखवतात, तेव्हा आधी स्टॉपवॉचचा व्हिडिओ काढून खात्री करा.

१/२०० लिहिलेलं शटर प्रत्यक्षात १/१२० ला चाललं तरी चिंता नको. निगेटिव्ह फिल्म थोडा जास्त प्रकाश सहज खपवून घेते. आकडे एका चिठ्ठीवर लिहून कॅमेऱ्यात ठेवा आणि त्याप्रमाणे एक्स्पोजर लावा. स्प्रिंग ताणून 'बरोबर' करायच्या नादात चांगली शटर कायमची जातात.

भाता

बारीक छिद्रांवर काळा फॅब्रिक रंग चालतो, पण तो तात्पुरता उपाय. जाड थर दिला तर कोपरा दुमडत नाही, शेजारी नवी चीर पडते. कोपरे सगळीकडून गेले असतील तर नवाच भाता हवा. जुना भाता सोडवून सपाट करा, त्याच्या घड्या कागदावर उतरवा, पातळ प्रकाशरोधक कापड आणि आत पातळ कार्डाच्या पट्ट्या, असा तो घरी बनवता येतो. अवघड भाग घड्यांचा नाही, जाडीचा आहे. मिटल्यावर तो मूळ भात्याएवढाच जाड व्हायला हवा, नाहीतर झाकण बंद होत नाही. कागदावर दोन-तीनदा करून बघा. हे एका रविवारचं काम नाही.

काच साफ करताना

युद्धानंतरच्या लेन्सवर परावर्तन कमी करणारा एकेरी मुलामा असतो. जोरात घासलं तर बुरशीबरोबर तोही जातो. आयपीएत भिजवलेला मऊ टिश्यू मधून कडेकडे फिरवा. बुरशीने काचेवरच खड्डे पाडले असतील तर ते जात नाहीत, पण फोटोत वाटतो तेवढा फरकही पडत नाही.

इथे स्वस्त लेन्सला एक फायदा आहे. आग्नार, अपोटार, किंवा नेटारवरची नोवार, या तीन सुट्या काचांच्या लेन्स. सोलिनार आणि १९०२ ची प्रसिद्ध टेसार चार काचांच्या आहेत आणि त्यांतल्या मागच्या दोन डिंकाने जोडलेल्या असतात. हा डिंक म्हातारपणी सुटू शकतो आणि काचेत इंद्रधनुषी डाग दिसतात. महागड्या लेन्सला होणारा हा आजार तीन काचांच्या लेन्सला होऊच शकत नाही.

भागांसाठी कॅमेरा निवडताना

आता दुसरी बाजू. भागांसाठी उघडायचा तो कॅमेरा असा हवा: झाकण किंवा पट्ट्या पार वाकलेल्या, बॉडी गंजलेली, किंवा काच फुटलेली. फक्त फोकस जाम, फक्त मंद गती अडकलेल्या, फक्त बुरशी, एवढ्यावर कोणताही कॅमेरा भागांचा ठरत नाही. आजोबांचा असेल तर मुळीच नाही. ऑनलाइन दुसरा मिळेल, तो नाही मिळणार.

काढताना लेन्स आणि शटर एकत्रच काढा. भात्याच्या आतून, शटरच्या मागे एक खाचांची कडी असते, ती दोन टोकांच्या पान्याने फिरवली की अख्खा संच बाहेर येतो. त्यातली एकच काच दुसऱ्या लेन्समध्ये घालायचा मोह टाळा. कारखान्यात त्या एकमेकींशी जुळवून बसवलेल्या असतात. नाव तेच असलं तरी चित्र मऊ पडू शकतं. शटर एका लेन्सचं आणि लेन्स दुसरी असं केलं तर शटरवरचे अॅपर्चरचे आकडेही खोटे होतात, कारण ८५ मिमीच्या लेन्ससाठी कोरलेली पट्टी ७५ मिमीला लागू होत नाही.

बाकी घ्यायचं ते सगळं बारीकसारीक. स्क्रू (प्रत्येक जागेचे वेगळ्या पुडीत), झाकणाची कडी आणि बिजागरीची पिन, फिल्म दाबून धरणारी पाटी, लाल खिडकीचा तुकडा, व्ह्यूफाइंडरच्या काचा, वाइंडिंगची कळ. रेंजफाइंडर असेल तर त्यातला अर्धपारदर्शक आरसा काढा, पण पुसू नका. त्याचा मुलामा एका फटक्यात बोटावर येतो. भाता घेऊ नका, वर सांगितलं त्या कारणासाठी. आतला कापसाचा किंवा लोकरीचा धागाही नको, तो नवा लावता येतो.

आणि रिकामं रीळ. हसू नका, कोडॅकच्या कॅमेऱ्यांत सगळ्यात मोलाचा भाग बरेचदा हाच असतो. कोडॅकने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ६२० नावाची फिल्म आणली. फिल्मची रुंदी १२० एवढीच, पण रीळ बारीक दांड्याचं. ही फिल्म १९९५ मध्ये बंद झाली. आता त्या कॅमेऱ्यांत फोटो काढायचा तर १२० ची फिल्म अंधारात उलगडून ६२० च्या रिळावर गुंडाळावी लागते, आणि त्यासाठी अशी दोन रिळं लागतात. भंगारातल्या कोडॅकमध्ये एक रीळ असेल तर तेवढ्यासाठीही तो उचलावा.

ज्याच्या लेन्सला आता कॅमेराच उरला नाही, ती फोनसमोर धरून बघा. शटर 'बी' वर उघडं ठेवलं की ७५ मिमीची लेन्स फोनसाठी भक्कम मॅक्रो भिंग होते. साधारण सहा-सात सेंटीमीटरवरची मुंगी स्पष्ट दिसते.

काढलेले भाग हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. चामड्याच्या जुन्या केसमध्ये काही ठेवू नका, ती ओल धरते. पुडीवर मॉडेल, लेन्सचं नाव आणि भाग कुठून काढला ते लिहा. नुसतं 'इसोलेट स्क्रू' लिहिलं तर सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही.

पहिला रोल

दुरुस्त केलेल्या कॅमेऱ्यात पहिला रोल काळा-पांढरा घाला आणि तो लॉग फाइलसारखा वाचा. प्रत्येक फोटोची गती, अॅपर्चर, अंतर लिहून ठेवा. लाल खिडकीवर काळी पट्टी लावा, फिल्म पुढे सरकवताना सावलीत तेवढीच उचला. ही खिडकी लाल आहे कारण त्या काळच्या पुष्कळ फिल्मला लाल रंग दिसतच नसे. आजच्या फिल्मला दिसतो.

रोल धुवून आला की असं बघा. गोल फिकट डाग किंवा आकड्याची सावली आली तर खिडकी. धुरकट पट्टे आले, आणि कॅमेरा उघडा ठेवून उन्हात वेळ घालवलेल्या चौकटींतच आले, तर भाता. एक बाजू धूसर तर पट्ट्या, सगळंच धूसर तर अनंताचं फोकस पुन्हा. मधलाच भाग मऊ तर उघडताना घाई. आणि फोटो एकावर एक चढले तर कॅमेऱ्यात काही बिघाड नाही, खिडकीतला आकडा वाचायचा राहिलाय.